विहिरींच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या करू का? सर नको म्हणतात

माणगंगा
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. लांबलाय, सांभाळून घ्या.

अर्थशास्त्रात पीएचडी करते आहे. माण तालुक्यातली १४ गावं, २१२ विहिरी, २०२३ ते २०२५ असे तीन उन्हाळे आणि तीन दिवाळ्या. विहीर कधी खोदली, खोल किती, पाणी किती, बोअर किती मारले, त्यातले फेल किती, मोटर किती हॉर्सपॉवरची आणि पैसा कुठून आणला. सोसायटी, पतसंस्था, सावकार, मेहुणा. मेहुण्याचा कॉलम दुसऱ्या वर्षी वाढवावा लागला.

गेल्या महिन्यात एका चर्चासत्रात हे मांडलं. बाहेर चहा घेत उभी होते तर दुसऱ्या विद्यापीठातले भूशास्त्राचे एक जण आले. एवढ्याशा भागातल्या एवढ्या विहिरी त्यांना कुठे मिळत नाहीत म्हणे, तर नोंदी द्याल का? त्यांचं ऐकून मराठी विभागातली माझी मैत्रीणही मागे लागली. तिला मुलाखतींची रेकॉर्डिंग हवीत, साधारण ९० तासांची. लोक पाण्याबद्दल बोलताना उमाळा, पाझर, झिरपा, ओल असे जे शब्द वापरतात त्यावर तिला काम करायचंय. मी म्हटलं, एकेकाला पेनड्राइव्हवर देत बसण्यापेक्षा सगळंच खुलं का करू नये?

सरांना विचारलं. सर म्हणाले, "उभ्या पिकात गुरं सोडतं का कुणी? आधी तुझे चार पेपर होऊ देत." जरा वेळाने, "आणि दगडधोंड्यांवाल्यांचा नि आपला काय संबंध?"

सर वाईट नाहीत. पहिल्या वर्षी फेलोशिप अडकली तेव्हा गाडीच्या पेट्रोलचे पैसे त्यांनी खिशातून दिले होते. त्यामुळे भांडून काही करायचं नाही, पण त्यांना पटवायला माझ्याकडे मुद्देही नाहीत. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: करावं का, कुठे ठेवावं, आणि लोकांच्या कर्जाचं काय करावं?

एकदा_पोळलेला
सरांचं ऐक. मी २०१६ साली माझ्या सर्वेक्षणाची फाइल एका ओळखीच्या प्राध्यापकांना "फक्त बघायला" दिली. दीड वर्षाने त्यांच्या पेपरात माझे तक्ते. आभारात माझं नाव होतं, तेही चुकीचं छापलेलं. हे ज्ञानाची गंगा वगैरे नोकरी लागलेल्यांनी बोलायचं.

बेसाल्ट
पोळलेले साहेब, वाईट झालं, पण तुम्ही फाइल खुली केली नव्हती, खासगीत दिली होती. ती तारखेसह, तुमच्या नावाने चारचौघांत ठेवलेली असती तर दीड वर्षाने बोट दाखवायला काहीतरी हातात असतं. असो, तुमचं दुखणं खोटं नाही.

माणगंगा, मी त्या दगडधोंड्यांवाल्यांपैकी आहे. पंचवीस वर्षं भूजल शिकवते, म्हणून तुला तू म्हणते. आधी आम्हाला हे का हवं ते सांगते, मग तुझी फाइल आहे तशी का नको तेही सांगते.

आपल्याकडे दख्खनचा बेसाल्ट. वाळूच्या प्रदेशात पाणी सगळीकडे सारखं पसरतं, इथे ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. शंभर मीटरवरच्या दोन विहिरींत एक मार्चला ठणठणीत कोरडी आणि दुसरीला मे महिन्यात उमाळा, हे तू डोळ्यांनी पाहिलं असशील. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा पातळी मोजतं, राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी मोजते, पण त्या विहिरी दूरदूर आहेत. १४ गावांत २१२ म्हणजे आमच्या दृष्टीने घबाड. त्यात बोअर फेल किती गेले ही नोंद आम्ही कधी घेतच नाही, आणि फेल गेलेला बोअर खडकाबद्दल जेवढं सांगतो तेवढं चालू बोअरही सांगत नाही.

आता माझी फजिती ऐक. दहाएक वर्षांपूर्वी एका समाजशास्त्राच्या अभ्यासकाने अशीच फाइल दिली, मोठ्या मनाने. कॉलमचं नाव "खोली". आकडे ५, ७, ८, ६. आम्ही मीटर धरले. नकाशे काढले, छेद काढले, विद्यार्थ्याने चार महिने घातले. काहीच जुळेना. मुरूम जिथे संपायला हवा त्याच्या वरच विहिरी संपत होत्या. शेवटी गाडी काढून गावात गेलो. एका आजोबांना विचारलं, विहीर किती खोल? म्हणाले, "सात." सात काय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई कुठून आली. "सात परस की!"

परस म्हणजे पुरुषभर. पण पुरुष हात खाली सोडून उभा की हात वर करून? त्या आजोबांच्या गावात हात खाली. ओढ्यापलीकडच्या गावात हात वर. म्हणजे सात परस एका हिशेबाने ११-१२ मीटर आणि दुसऱ्या हिशेबाने १५. ज्याने फाइल दिली त्याने लपवलं काहीच नव्हतं. त्याच्या प्रबंधाला खोल विहीर आणि उथळ विहीर एवढाच फरक पुरत होता, त्यामुळे एकक लिहायचं त्याच्या मनातही आलं नाही. आणि आम्ही विचारलं नाही, कारण खोली मीटरमध्येच असते हे आमच्या रक्तात. छापायच्या आत गावात गेलो म्हणून वाचलो.

तुझ्या फाइलमध्ये "पाणी किती" असं लिहिलंयस. ते तळापासून वर किती पाणी उभं आहे ते, की जमिनीपासून पाणी किती खाली ते? शेतकरी पहिलं सांगतो, "दोन परस पाणी हाय." आम्ही दुसरं मोजतो. एक वाढलं की दुसरं कमी होतं. उलटं धरलं तर तुझ्या तालुक्यात दर दिवाळीला दुष्काळ आणि दर मेमध्ये पूर दिसेल. आणि जमिनीपासून म्हणजे जमिनीपासून की कठड्यावरून? टेप कठड्याला टेकवून सोडला असेल तर कठड्याची उंची वजा करायला लागते.

आणखी एक. "पाणी कधी आटलं" याचं उत्तर तू तारखेत घेतलंस का? माझा अंदाज, शिमग्याला, पाडव्याला असं घेतलं असशील. पाडवा २०२३ साली २२ मार्चला होता. मग अधिक श्रावण आला आणि २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला गेला. २०२५ चा ३० मार्च. म्हणजे तिन्ही वर्षी "पाडव्याला आटलं" लिहिलेली विहीर एका वर्षी १८ दिवस जास्त टिकली, आणि तुझ्या फाइलमध्ये ते दिसतच नाही. मृग-हस्त लिहिलं असेल तर ठीक, ती नक्षत्रं सूर्यावर चालतात. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. शेतकऱ्याने पेरणी नक्षत्रावर बांधली आणि सण चंद्रावर ठेवले, त्याचं कारण असणार काहीतरी.

तेव्हा खुलं कर, पण आधी दोन पानं मराठीत लिही: प्रत्येक कॉलम म्हणजे काय, कोणी मोजलं, कशाने, कुठून कुठपर्यंत. तुमच्या विभागातल्या लोकांसाठी नको लिहूस, त्यांना माहीतच आहे. माझ्यासारख्या अडाण्यासाठी लिही.

आणि सरांच्या "काय संबंध"ला उत्तर: क्योटोत दरबारी लोक आपल्या रोजनिशीत चेरीचा बहर कधी आला, मेजवानी कधी झाली ते लिहीत. त्यातली सगळ्यात जुनी नोंद इसवी सन ८१२ ची. त्यांना हवामानाशी काही देणंघेणं नव्हतं. आज वसंतातल्या तापमानाचा बाराशे वर्षांचा अंदाज त्याच नोंदींवर उभा आहे. २०२१ साली बहर २६ मार्चला आला आणि एवढा लवकर तो बाराशे वर्षांत कधी आला नव्हता, हे सांगता आलं ते त्यांच्यामुळे. त्या रोजनिशा घरात कुलपात राहिल्या असत्या तर?

ग्रंथपाल_काका
बेसाल्टताईंशी सहमत. मी कुठे ठेवायचं तेवढं सांगतो, विद्यापीठाच्या ग्रंथालयात जन्म गेला.

शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या खुल्या संग्रहात, तुझा प्रबंध जाईलच, यूजीसीच्या २००९ च्या नियमापासून ते बंधनकारक आहे. पण तिथे प्रबंधाची पीडीएफ जाते. पीडीएफमधला तक्ता म्हणजे भिंतीवर काढलेलं घड्याळ, वेळ दिसते पण चावी देता येत नाही. डेटासाठी झेनोडो बघ. सर्न ही जिनिव्हाची अणुसंशोधन संस्था २०१३ पासून ते चालवते. फुकट आहे, विषयाचं बंधन नाही, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा. तुझ्या विहिरी ५ एमबीत मावतील. ठेवल्या ठेवल्या डीओआय क्रमांक मिळतो, म्हणजे पेपराचा देतात तसा तुझ्या फाइलचाही संदर्भ देता येतो. चूक सापडली तर नवी आवृत्ती चढव, जुनीही तिथेच राहते. सरांना सांग, अमुक तारखेपर्यंत बंद ठेवायची सोयही आहे. वर्णन आजच सगळ्यांना दिसेल, फाइल तुझे दोन पेपर आल्यावर उघडेल. पीक काढून झाल्यावर गुरं सोडायला तर सरांची हरकत नसावी!

परवाना सीसी-बाय घे. वापरा, पण नाव द्या, एवढंच त्यात येतं. "फक्त शैक्षणिक वापरासाठी" असं लिहायचा मोह होईल, लिहू नकोस. उद्या पाणलोटाचं काम करणारी एखादी संस्था वापरावं की नाही या विचारात पडेल आणि सोडून देईल.

नावांबद्दल: निर्माते म्हणून तू आणि सर. आणि टेप धरायला गावातली पोरं असतील ना? तिथे "डेटा गोळा करणारे" अशी वेगळी भूमिका नोंदवता येते. त्यांना विचारून त्यांची नावं घाल. प्रबंधाच्या आभारात घालतेसच, इथे ती कायमची राहतात.

आता ग्रंथालयवाल्याची रड. एक, गावाची नावं जुन्या फॉन्टात टाइप केलेली नाहीत ना? तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं असेल तर दुसऱ्याच्या संगणकावर दहिवडीचं काहीतरी अगम्य होतं. सगळं युनिकोडमध्ये आण. दोन, एक्सेलची फाइल ठेव पण सोबत साधी सीएसव्हीही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम तोडलेली मजकुराची फाइल, ठेव. तीन, एक्सेलवर डोळा ठेव. ते शहाणपणा करतं. जनुकशास्त्रवाल्यांच्या काही जनुकांची नावं मार्च आणि सेप्टेंबरसारखी होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. अशा चुका छापलेल्या पेपरांच्या जोडफायलींत इतक्या सापडल्या की २०२० साली शेवटी जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल बदलण्यापेक्षा माणसाची जनुकं बदलणं सोपं गेलं!

माणगंगा
काका, तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. माझ्याकडे "हिस्सा" असा कॉलम आहे. आमच्याकडे विहिरी भावकीत असतात, चार आणे हिस्सा, सहा आणे हिस्सा, पाळीपाळीने पाणी. मी १/४, ३/८ असं टाइप केलं होतं. आत्ता उघडून पाहिलं. १७ विहिरींच्या हिश्शात "०१-एप्रिल" लिहिलंय. चौघा भावांची विहीर एक एप्रिलची झाली. आणि दोन वर्षं मी त्या फाइलवर काम करतेय! नशीब, हा कॉलम अजून कुठल्या पेपरात वापरला नव्हता.

बेसाल्टताई, परसाचं मी पहिल्याच वर्षी फुटात केलं होतं, कारण माझे वडील विहिरी खोदायचे आणि आमच्या घरात परस साडेपाच फुटांचा. तोच हिशेब १४ गावांना लावला. टेपने मोजलेल्या विहिरी १४८ आहेत, त्या पक्क्या. उरलेल्या ६४ ची खोली मालकाने सांगितलेली, म्हणजे त्या सगळ्या माझ्या वडिलांच्या उंचीने मोजल्यात. "पाणी" तळापासून वर आहे, तुमचा अंदाज बरोबर. पाडवाही बरोबर.

एक वाटलं ते लिहिते. सरांना पेपरची काळजी आहेच, पण मला वाटतं आत कुठेतरी हीच भीती असणार, की कुणी फाइल उघडली आणि "०१-एप्रिल" सापडलं तर? आमच्या विषयात हे मोठ्यांचंही झालंय. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली देशांचं कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर जो पेपर लिहिला, त्यावर जगभर सरकारी खर्च कापायच्या गप्पा झाल्या. २०१३ साली थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने तो वर्गातला गृहपाठ म्हणून पुन्हा करायला घेतला आणि जमेना. त्याने त्यांच्याकडे फाइल मागितली, त्यांनी दिली, आणि त्यात पाच देशांच्या ओळी सरासरीत धरायच्याच राहिलेल्या सापडल्या. बाकी आक्षेपही होते. सगळं दुरुस्त केल्यावर जास्त कर्जवाल्या देशांची वाढ उणे ०.१ ची अधिक २.२ टक्के झाली. हे मी सरांना सांगणार होते, पण त्यांना ते खुलं न करण्याचंच कारण वाटेल!

कर्जाच्या कॉलमबद्दल अजून कुणी बोललं नाही. आणि रेकॉर्डिंगचं?

जात्यावरची
रेकॉर्डिंगबद्दल मी बोलते. माझं काम लोकगीतांवर आहे.

आपल्याकडे याचं उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाहून जास्त, हजाराहून जास्त गावांतून. त्यांचा उद्देश सामाजिक होता, बायका आपलं जगणं कसं मांडतात ते समजून घ्यायचं. मग त्यात बर्नार्ड बेल आले, संगीत आणि संगणकवाले. ध्वनिमुद्रणं झाली, सगळं संगणकावर गेलं. आता पारी या ग्रामीण संग्रहाच्या संकेतस्थळावर कुणीही ऐकू शकतं. मी भाषेसाठी वापरते, कुणी चालींसाठी, कुणी जातीच्या इतिहासासाठी. आणि तिथे गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. ते खोडलं असतं तर तिची ओवी तिच्याकडून काढून घेतल्यासारखं झालं असतं.

पण तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस उमाळा म्हणतो आणि त्याच दमात सावकाराचं नावही घेतो. पहिल्या वाक्यात त्याचं नाव हवं, दुसऱ्यात नको. आणि तू त्याला काय सांगून रेकॉर्डर सुरू केला होतास? "कॉलेजच्या अभ्यासासाठी" एवढंच ना? अमेरिकेत हवासुपाई आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून ॲरिझोना राज्य विद्यापीठाला रक्त दिलं. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरलं गेलं. तुमचे लोक इथले नाहीत, बाहेरून आले, हे ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्यांना आपल्याच रक्तातून सांगितलं गेलं. खटला चालला, २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि रक्ताचे नमुने परत केले. कागदावर सही होती की नव्हती यापेक्षा लोकांना काय वाटलं होतं ते महत्त्वाचं ठरलं.

मैत्रिणीला घेऊन परत गावात जा. सगळ्या ९० तासांसाठी नको. बोलण्यात ज्यांचा हात कुणी धरणार नाही असे दहा-बारा जण निवड, त्यांना त्यांचं रेकॉर्डिंग ऐकव आणि हे लोकांनी ऐकलं तर चालेल का ते विचार. आमचा अनुभव, बहुतेक जण म्हणतात, "माझं नाव घाला, पण ते धाकट्या भावाचं तेवढं काढा."

बेसाल्ट
कर्जाचं. नावं खोडून भागणार नाही. गावात सात परस विहीर एकच असेल, आठ बोअर मारलेला एकच असेल, तर तो कोण हे चावडीवर बसलेला कुणीही सांगेल, आणि मग पुढच्या कॉलममध्ये सावकार. नव्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात, २०२३ च्या, संशोधनाला सवलत आहे, पण सवलत आहे म्हणून गावात तोंड दाखवता येईलच असं नाही. कर्जाचे कॉलम वेगळ्या फाइलमध्ये काढ आणि ती बंद ठेव, मागेल त्याला कारण विचारून दे. आम्हाला ते नकोतच.

अडचण आमच्याच मागणीची आहे. आम्हाला विहिरीची नेमकी जागा हवी, आणि नेमकी जागा म्हणजे मालक. मोठ्या आरोग्य सर्वेक्षणांत ग्रामीण ठिकाणांचे जीपीएस बिंदू पाच किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवतात. आरोग्याला ते चालतं. माणमध्ये विहीर पाच किलोमीटर सरकवलीस तर ती डोंगर ओलांडून दुसऱ्याच ओढ्याच्या खोऱ्यात पडेल. म्हणून जागा देऊच नकोस, जागेचे गुण दे. समुद्रसपाटीपासून उंची दहा मीटरच्या टप्प्यात, ओढ्यापासून अंतर पन्नासच्या टप्प्यात, उतार आहे की सपाट, वर तलाव किंवा बंधारा आहे का. माझं निम्म्याहून जास्त काम त्यात होतं. हे गुण काढायला मी एक विद्यार्थी देते. त्याचं नाव काका म्हणाले तसं घाल.

एकदा_पोळलेला
माझी २०१६ ची फाइल अजून आहे. हार्ड डिस्क चालू होते का बघतो.

माणगंगा
काल सरांकडे गेले होते. पेपर आल्यावर उघडणारी फाइल हे ऐकून जरा सैल झाले. बेसाल्टताईंची परसाची गोष्ट सांगितली तर मोठ्याने हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे सहा फुटांचा." सर सांगोल्याचे. मग स्वतःच म्हणाले, ते वर्णनाचं काय लिहितेस ते आधी मला दाखव. आणि दगडधोंड्यांवाल्यांना विचार, विहीर-बागायतीचा खर्च खडकावर अवलंबून आहे का हे ते सांगू शकतील का. हा प्रश्न मीच तीन वर्षांत विचारला नव्हता.

लिहायला बसलेय. "०१-एप्रिल" दुरुस्त केले, कॉलम मजकूर म्हणून बांधला, आता १/४ दिसतं. ६४ विहिरींपुढे "मालकाने सांगितलेली, परस, लेखिकेने साडेपाच फुटांनी गुणलेली" असं लिहिलं आणि मूळ परसाचा आकडा वेगळ्या कॉलममध्ये परत आणला, वह्या होत्या म्हणून बरं. पाडव्यांच्या तारखा घातल्या.

एक राहिलं. टेपवाल्या १४८ पैकी ३१ विहिरींपुढे टेप जमिनीवरून सोडला की कठड्यावरून ते लिहिलेलंच नाही. पोरांना फोन केला. एक म्हणतो कठड्यावरून, दुसरा म्हणतो कठडाच नव्हता.

बेसाल्ट
कठडे कुठे पळून जात नाहीत. मे संपायच्या आत जाऊन ये, पाणी तळाला असताना खोलीही पुन्हा मोजून होईल. त्या दोन्ही पोरांना सोबत ने, आणि टोपी विसरू नकोस.